टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: कोकणात रानातली गाडी निवडायची आणि टिकवायची कशी

टू-स्ट्रोक जास्त टिकते की फोर-स्ट्रोक, असं मोघम विचारलं की भांडणच होतं, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात वडिलांची यामाहा आरएक्स असते, उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात व्हिडिओत बघितलेली कुठली तरी ऑस्ट्रियन एन्ड्युरो (रानातल्या शर्यतीची गाडी), आणि तिसरा एक असतोच ज्याने कालच एक्सपल्स बुक केलीय. त्यामुळे आधी कुठल्या दोन गाड्यांची तुलना चाललीय ते ठरवा, मग वाद घाला.

आपल्याकडे साधारण चार जाती दिसतात. एक म्हणजे जुनी रोडवरची टू-स्ट्रोक, जिला नॉबी (मोठ्या गोट्यांचे) टायर आणि उंच मडगार्ड लावून आपण ऑफरोड म्हणतो, म्हणजे आरएक्स १००, आरएक्स १३५, शोगन, समुराई, येझदी. दुसरी फॅक्टरीतूनच रानासाठी बनलेली टू-स्ट्रोक, केटीएमची ३०० ईएक्ससी वगैरे. तिसरी नंबरप्लेटवाली फोर-स्ट्रोक ट्रेल गाडी, एक्सपल्स, हिमालयन, केएलएक्स २३०. आणि चौथी खरी रेसची फोर-स्ट्रोक, केएक्स २५० सारखी, जिला हेडलाइट नाही, नंबर नाही, पिकअपमध्ये टाकूनच न्यावी लागते. आता यातली तिसरी सगळ्यात कमी त्रास देते, चौथी सगळ्यात महागात जाते, आणि पहिल्या दोन जाती सतत थोडं थोडं काम काढत राहतात पण ते काम निदान पहिलीचं तरी तालुक्याच्या गावात होतं. हे एवढं कळलं तरी अर्धा वाद मिटतो.

रेसचे दाखले देऊन कोणी पटवायला लागलं तर जास्त मनावर घेऊ नका. डाकार रॅलीला सगळ्या ४५० सीसी फोर-स्ट्रोक पळतात, २०२४ ला रॉस ब्रँच हिरोवर दुसरा आला आणि आपला हरित नोआ रॅली २ क्लास जिंकला. उलट ऑस्ट्रियात एर्झबर्गच्या खडकाळ शर्यतीत ३०० टू-स्ट्रोकचंच राज्य. दोन्ही खरं आहे, पण त्यांच्या मागे अख्खी टीम उभी असते, आपल्या मागे नाक्यावरचा एक मेस्त्री, आणि तोही गणपतीत आठ दिवस दुकान बंद ठेवणार. म्हणून मी दोनच गोष्टी बघायला सांगतो: बिघडली तर किती मोठं बिघडतं, आणि ते जवळपास कोण नीट करतं. किती वेळा बिघडते हे त्यानंतर.

आतलं यंत्र थोडक्यात सांगतो, ज्यांना माहितीय त्यांनी पुढे जा. टू-स्ट्रोकला व्हॉल्व नाहीत, टॅपेट नाही, टायमिंग चेन नाही, सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात आणि पिस्टनच वरखाली होताना ती उघडतो, बंद करतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांना एक. म्हणून पिकअप तसा. पण पिस्टनला, रिंगांना आणि क्रँकच्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर येईल तेवढंच, आणि ते तिथेच जळून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली साठलेलं असतं आणि पंप ते फिरवत राहतो. दोघींच्या आजारपणाचं मूळ बहुतेक या एकाच फरकात आहे.

घाट उतरताना

टू-स्ट्रोक इंजिन पकडतं म्हणजे पिस्टन सिलेंडरला चिकटतो, आणि लोकांना वाटतं ते चढावर, जास्त रेसवर होतं. होतं तिथेही. पण कोकणात धोका उतारावर जास्त. कुंभार्ली घाटातून पोफळीला उतरताय किंवा आंबा घाटातून साखरप्याकडे येताय, थ्रॉटल पूर्ण बंद, गाडी तिसऱ्या गिअरला, चाक इंजिनाला फिरवतंय, पण थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल नावापुरतं आणि पेट्रोल नावापुरतं म्हणजे ऑइलही नावापुरतंच. टाकीत पेट्रोल-ऑइल मिक्स करणाऱ्या गाडीला हे जास्त लागू, पण आरएक्ससारख्या वेगळी ऑइल टाकी असलेल्या गाडीतही पंपाला थ्रॉटलची केबल जोडलेली असते, म्हणजे थ्रॉटल बंद असताना तोही हात आखडताच घेतो. वळण संपलं, परत थ्रॉटल दिला, आणि मागचं चाक खर्रकन लॉक.

तर उतारावर असं करा. इंजिन ब्रेकिंगवर विसंबू नका, ते टू-स्ट्रोकला तसंही नावालाच असतं, ब्रेकवर उतरा. थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटलला एक छोटा पिळा द्या म्हणजे आत ओला मिक्स जातो. आणि जुनी टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवा, इंजिनचा आवाज घुसमटल्यासारखा आला की विचार न करता क्लच. पकडलंच तर बाजूला घ्या, पूर्ण थंड होऊ द्या, लगेच किक मारत बसू नका. थंड झाल्यावर किक हाताने दाबून बघा, मोकळी झाली तर हळूहळू घर गाठा, पण घरी पोचल्यावर हेड उघडून सिलेंडरवर उभ्या रेघा पडल्यात का बघायचं हे टाळू नका, बरेच जण "सुटली ना" म्हणून तशीच चालवतात आणि पुढच्या वेळी काँरॉडपर्यंत (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) जातं.

आता मिक्स. ५० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, ४० ला १ म्हणजे २५ मिली, आपल्या गाडीचं प्रमाण पुस्तकात बघा आणि मापाची बाटली वापरा, झाकणाने अंदाज नको. "थोडं जास्त टाकलं तर चांगलंच की" हे चुकीचं आहे, कारण ऑइल वाढलं तर त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिक्स्चर उलट लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, वर सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो तो वेगळाच. ऑइल घ्यायचं ते जेएएसओ (जपानी ऑइल मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं हे नव्या पोरांना सांगावं लागतं, कारण फोर-स्ट्रोकवर शिकलेल्याला एकच ऑइल माहीत असतं.

पेट्रोल आता सगळीकडे ई-२० आहे. इथेनॉलमुळे जुन्या कार्बवाल्या टू-स्ट्रोक थोड्या लीन चालतात, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकून प्लगचा रंग बघणं बरं: चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरा पडला तर लीन, काळा ओला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. जुन्या रबराचे पाइप, टाकीच्या कॉकचा वायसर आणि कार्बचा ओरिंग ई-२० मध्ये फुगतात, ते सगळे एकदाच बदलून टाका.

सगळं बरोबर असूनही पकडत असेल तर क्रँकचे ऑइल सील बघा. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की तिथून हवा आत ओढली जाते, गाडी न्यूट्रलला आपोआप रेस होते, खाली यायला वेळ घेते, आणि मेस्त्री कार्बचा स्क्रू पिळत बसतो. क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलट, गिअरबॉक्सचं ऑइल आत जळतं, मागे पांढरा धुराचा लोट आणि प्लग दर चार दिवसांनी काळा. कार्ब आणि सिलेंडरच्या मधलं रबर तडकलं तरी मॅग्नेटच्या सीलसारखंच होतं, चालू इंजिनवर त्या रबराच्या कडेने थोडं पाणी शिंपडा, रेस बदलली तर चोर तोच.

टू-स्ट्रोकची बाजू घ्यायची तर इथे घ्यावी. एवढं होऊन काम निघतं ते पिस्टन, रिंगा, पिन, सर्क्लिप (पिन अडवणारी छोटी क्लिप), गॅस्केट. आरएक्स १०० चा सिलेंडर ५० मिमी बोअरचा, बीड लोखंडाचा, बोअर मारून ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे ओव्हरसाइज पिस्टन चढत जातात. लेथवाला बोअर मारून देतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी तयार. बसवताना दोनच गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा: पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, आणि रिंगेची तोंडं खाचेतल्या बारीक पिनवर बरोबर बसलेली, ती सरकली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. सर्क्लिप नवीनच, जुनी परत नको. मग पहिले ५०० किलोमीटर सांभाळून, सड्यावर (कोकणातल्या कातळी पठारावर) उड्या नकोत.

मात्र दुसऱ्या जातीच्या आधुनिक टू-स्ट्रोकला हा हिशोब लावू नका. त्यांच्या सिलेंडरला आत निकासिलचा (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा) कडक थर असतो, तो बोअर करता येत नाही, खरवडला तर परत प्लेटिंग किंवा नवीन सिलेंडर. पॉवर व्हॉल्व (एक्झॉस्टच्या भोकाची उंची बदलणारी झडप) चिकट होतो तो साफ करायला लागतो, आणि तो फुगीर सायलेन्सर जांभ्याच्या धोंड्यावर आपटून चेपतो, त्याला गार्ड लावाच. इंजिन मजबूत आहेत, पार्ट मात्र कुरिअरची वाट बघायला लावतात.

फोर-स्ट्रोकचं दुखणं

ट्रेल फोर-स्ट्रोक, म्हणजे तिसरी जात, कोकणात रोज चालवायला आणि शनिवार-रविवार रानात न्यायला सगळ्यात शहाणी निवड आहे, यात मला शंका नाही. इंजिन ब्रेकिंग चांगलं, ॲव्हरेज चांगलं, ऑइल बदला आणि चालवा. पण तिचा स्वभाव असा की काही सांगत नाही. टू-स्ट्रोक महिनाभर आधी कुरकुरायला लागते, पिकअप जातो, प्लग मारते, किक हलकी लागते. फोर-स्ट्रोक ऑइल कमी झालं तरी गुमान पळते आणि मग एक दिवस कॅम आणि हेडचं काम घेऊन येते. म्हणून चिखलात, हाफ क्लचवर चालवणाऱ्याने कंपनीच्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल लवकर बदलावं, जेएएसओ एमए किंवा एमए२ चं, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्ववरची फट, दर सर्व्हिसला मोजायला लावा. गाडी एकदम स्टार्ट व्हायला त्रास द्यायला लागली आणि बॅटरी, प्लग ठीक असेल तर बहुतेक वेळा टॅपेट टाइट झालेला असतो, व्हॉल्व सीटमध्ये आत आत बसत चाललेला असतो.

चौथ्या जातीत हेच दहापट वेगाने होतं. रेसच्या फोर-स्ट्रोकचा हिशोब किलोमीटरात नाही, तासांत. हँडलला तासांचं मीटर लावतात ते शोभेला नाही. पिस्टनची, ऑइलची, व्हॉल्व मोजायची मुदत तासांत दिलेली असते आणि ती ओलांडली की व्हॉल्व तुटून पिस्टनवर पडतो, मग हेड, पिस्टन, सिलेंडर, कधी काँरॉड पण, सगळंच एका झटक्यात. ज्याला वहीत तास लिहायचा कंटाळा आहे त्याने ही गाडी घेऊ नये, स्वस्तात मिळाली तरी. स्वस्तात मिळते त्याचं कारणही बहुतेक तेच असतं.

लाल धूळ

फेब्रुवारी ते मे सड्यावर जी लाल धूळ उडते ती दोन्ही इंजिनांची खरी शत्रू. जांभ्याची ही धूळ पिठासारखी बारीक, फिल्टरच्या कडेने कशी आत जाते कळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ती आधी क्रँकच्या बेअरिंगवरून जाते, मग रिंगांवर. फोर-स्ट्रोकमध्ये इनटेक व्हॉल्व आणि सीट घासते. स्पंज फिल्टर असेल तर दर रानवारीनंतर धुवा: आधी रॉकेल किंवा फिल्टर क्लीनर, मग साबणाचं पाणी, पिळायचा नाही, दाबायचा, सावलीत वाळवा, मग फिल्टर ऑइल लावून एकसारखं मुरवा आणि बसवताना कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा. बोट आतल्या पाइपमध्ये घालून बघा, लाल लागलं तर फिल्टर बसलाच नव्हता. कागदी फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा आणि बदलायचा. दोन गाड्यांनी मागेपुढे जाताना मागच्याने अंतर ठेवा, पुढच्याची धूळ त्याचाच फिल्टर खातो.

आणि सड्यावर जाताय तर कातळशिल्पांवरून चाकं नेऊ नका हो. उक्षी, काशेळी, देवाचे गोठणे, बारसू, ही सगळी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि बरीच शिल्पं अजून कुंपणाशिवाय उघडीच आहेत, नॉबी टायरने कातळावर चरे उठतात. वाळूवरही गाडी घालू नका, वेळास, आंजर्ले, गुहागर भागात कासवांची घरटी असतात आणि शिवाय एका संध्याकाळीत चेन, स्पोक, बेअरिंग सगळ्याला मीठ लागतं. दाभोळ-धोपावेच्या जेटीवरून आलात तरी घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेत इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकचे सॉकेट हिरवे पडतात, सेन्सरचा दिवा लागतो आणि इंजिन निर्दोष असतं. पावसाआधी सगळे सॉकेट सोडून आत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. जुन्या टू-स्ट्रोकला मॅग्नेट, सीडीआय (स्पार्कची इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि कॉइल एवढंच, तिथे बिघडायलाच कमी आहे.

पऱ्यात बुडाली तर

श्रावणात पऱ्या, म्हणजे ओढा, पार करताना गाडी आडवी झाली आणि इंजिन पाणी प्यायलं तर पहिला नियम: किक नाही, सेल्फ नाही. पाणी दाबलं जात नाही, काँरॉड वाकतो. स्विच बंद, पेट्रोल कॉक बंद, ढकलून वर काढा, प्लग काढा, फिल्टरचा डबा उघडून पाणी ओता, कार्बचा बाउल सोडा.

टू-स्ट्रोक असेल तर पुढचं चाक उचलून सायलेन्सरमधलं पाणी मागून काढा, मग दोघातिघांनी धरून गाडी सीट-हँडलवर उलटी करा, क्रँककेसमधलं पाणी असंच निघतं. सरळ करून प्लगशिवाय, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारत रहा, भोकातून फवारा यायचा थांबेपर्यंत. तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको, पेट्रोलची वाफ येते. मग भोकात थोडं टू-टी ऑइल, कोरडा प्लग, आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच धूर सोडत सुरू होते. चिखलात टू-स्ट्रोकच बरी म्हणतात ते याचसाठी.

फोर-स्ट्रोकला प्लग काढून सेल्फ मारेपर्यंत तेच, पण सुरू करायच्या आधी ऑइलची काच बघा. ऑइल दुधाळ दिसलं की तिथेच थांबा, टेम्पो बोलवा. घरी ऑइल काढा, नवीन स्वस्तातलं भरा, काही मिनिटं चालवा, परत काढा, स्वच्छ दिसेपर्यंत, मग चांगलं ऑइल आणि फिल्टर.

पुराचं पाणी वेगळं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा गाड्या गाळात होत्या, तसल्या गाडीला कुठल्याही स्ट्रोकची असो, उघडल्याशिवाय हातच लावायचा नाही. खाडीच्या पाण्यात पडली तर आधी गोड्या पाण्याने धुवा, आणि इंजिन त्याच दिवशी उघडा.

पडवीतली गाडी

मुंबईकर मंडळींसाठी हा भाग महत्त्वाचा, कारण त्यांची गाडी गणपती ते शिमगा आणि शिमगा ते मे पडवीत ताडपत्रीखाली झोपलेली असते. टू-स्ट्रोकला उभं राहणं बाधतं, क्रँकच्या बेअरिंगवर ऑइलचा पातळ हात असतो तो उतरला की दमट हवेत गंज धरतो. ठेवायच्या आधी कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, प्लग काढून चमचाभर टू-टी आत सोडा, किक हळू हळू दाबून पसरवा, प्लग लावा. मिक्स पेट्रोल टाकीत ठेवू नका, ई-२० पाणी ओढतं आणि पाणी-इथेनॉल खाली वेगळं बसतं, पहिल्या किकेला तेच आत जातं. फोर-स्ट्रोकचं ऑइल ठेवायच्या आधी बदला, आल्यावर नाही, टाकी गळ्यापर्यंत भरा, बॅटरी सोडा. ताडपत्री गाडीला चिकटून नको, आत घाम धरतो, जुनी चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याला लाल दोरी बांधून हँडलला लटकवा म्हणजे काढायचं राहणार नाही. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, कार्बच्या ब्रीदर नळीतसुद्धा.

जुनी घेताना

थंड गाडी बघायला मागा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत सकाळी जा. टू-स्ट्रोकला किक हाताने दाबा, नीट अडली पाहिजे, सरळ खाली गेली तर रिंगा संपल्यात. मॅग्नेटचं कव्हर काढून चक्क्याला वर-खाली हलवा, टकटक आली तर क्रँकचं बेअरिंग, म्हणजे फुल इंजिन काम. आतापर्यंत कितवा ओव्हरसाइज पिस्टन आहे ते विचारा, १.०० झाला असेल तर पुढे स्लीव्ह (सिलेंडरच्या आत बसवायची नवी नळी) आलीच. फोर-स्ट्रोकला पहिल्या स्टार्टला वरून टायमिंग चेनची खरखर, आणि उतारावरून परत थ्रॉटल देताना निळा धूर, या दोन गोष्टी सोडू नका. फिल्टरचा डबा दोन्हीकडे उघडा, मालक गाडी कशी ठेवतो ते तिथे दिसतं.

आणि आरएक्स १०० च्या बाबतीत हे सगळं करायच्या आधी आरसी हातात घ्या. भारतात ती १९९६ पर्यंतच बनली, म्हणजे कुठलीही घेतलीत तरी १५ वर्षांची मुदत कधीच उलटलेली, नोंदणी रिन्यू झालीय का, आणि इंजिन नंबर, चासी नंबर आरसीशी जुळतो का. इंजिनची क्रँककेस बदललेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, नंबर जुळत नसेल तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी टोकन देऊ नका.